रक्तात पोहोचलेले औषध मेंदूत पोहोचते का?

व्यापार-उद्योगाच्या पानावर एचआयव्हीच्या औषधांची गोष्ट कशाला, असे काही वाचक विचारतील. हा विषय डॉक्टरांचा, आपण कापड-धाग्याची माणसे, असेही म्हणतील. पण या विषयाशी माझी गाठ दवाखान्यात पडली नाही, कटिंगच्या टेबलावर पडली. शिवाय औषध कोण बनवतो, काय भावाने विकतो आणि ते ठिकाणावर पोहोचते की नाही, हा हिशेब व्यापाराचाच आहे. म्हणून हा लेख.

माझा माल ज्या कारखान्यात शिवायला जाई, तिथे एक कटिंग मास्टर होता. हात असा पक्का की पन्हा थोडा कमी आला तरी नग कमी पडू द्यायचा नाही. काही वर्षांपूर्वी त्याचे काम बिघडू लागले. एकदा सगळ्या बाह्या एकाच हाताच्या कापून ठेवल्या. सांगितलेले माप दहा मिनिटांनी पुन्हा विचारायचा. चालताना पाय अडखळायचे. कारखानदार म्हणाला, नशापाणी सुरू केले असेल. मीही एका वाया गेलेल्या ताक्यावरून त्याला चार लोकांत बोललो. शेवटी कारखानदाराने त्याचा हिशेब करून त्याला घरी पाठवले.

काही दिवसांनी तो माझ्याकडे आला आणि हकीकत सांगितली. त्याला कित्येक वर्षांपासून एचआयव्ही होता. गोळ्या चालू होत्या आणि रक्ताचा रिपोर्ट उत्तम होता. रक्तात विषाणू सापडतच नव्हता. तो मला म्हणाला, "शेठ, मी एक गोळी चुकवली नाही, मग माझे डोके का चुकते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. पुढे एका मोठ्या इस्पितळातील मेंदूच्या डॉक्टरांनी त्याच्या पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासले. रक्तात नसलेला विषाणू त्या पाण्यात सापडला. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. काही महिन्यांत त्याची चाल सुधारली, बोलणे सुधारले. कटिंगचा हात पूर्वीसारखा झाला नाही, पण आज तो दुसऱ्या ठिकाणी तयार मालाच्या तपासणीवर बसतो आणि आपली रोजी कमावतो. त्याच्या परवानगीने हे लिहीत आहे. नाव-गाव सांगणार नाही, ती अमानत आहे.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर मी नंतर डॉक्टरांना विचारून आणि वाचून समजून घेतले. तेच येथे सोप्या शब्दांत मांडतो.

खाडीपलीकडचे गाव

मी मढला राहतो. वर्सोव्याच्या धक्क्यावर उभे राहिले की आमचे गाव समोर दिसते. मध्ये फक्त खाडी. बोटीने काही मिनिटांचे अंतर. माणूस जातो, कोळणीची टोपली जाते, मोटारसायकलही बोटीवर चढवतात. पण कापडाच्या गाठींनी भरलेला टेम्पो बोटीवर चढत नाही. त्याला अंधेरी, मालाड, मार्वे असा मोठा वळसा घालूनच यावे लागते. माल वर्सोव्यापर्यंत आला म्हणजे मढला आला, असे कोणी समजले तर तो फसेल.

रक्त आणि मेंदू यांचे असेच आहे. मेंदूत रक्ताच्या बारीक नळ्यांचे जाळे आहे. त्या सगळ्या एकापुढे एक ठेवल्या तर लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे रक्त मेंदूच्या दाराशी जागोजाग पोहोचते. पण दार सहज उघडत नाही. शरीराच्या बहुतेक भागांतील या नळ्यांची भिंत मलमलीसारखी समजा, त्यातून पुष्कळ काही झिरपते. मेंदूतील नळ्यांची भिंत छत्रीच्या कापडासारखी घट्ट विणीची आहे. तिच्या पेशी एकमेकींना इतक्या चिकटून असतात की मधून वाट राहत नाही. याला डॉक्टर रक्त आणि मेंदू यांमधला अडसर म्हणतात.

हा अडसर रब्बुल आलमीनने आपल्या भल्यासाठीच ठेवला आहे. जेवणातून, औषधातून, जंतूंपासून रक्तात शेकडो पदार्थ येतात. ते सगळे मेंदूत शिरले असते तर माणूस एक दिवस शुद्धीवर राहिला नसता. पण चोराला अडवणारा दरवाजा कधी कधी वैद्यालाही अडवतो.

रंगाच्या व्यापाराने लावलेला शोध

आपल्या धंद्यातील लोकांना वाचून गंमत वाटेल की या अडसराचा पहिला पत्ता कापड रंगवण्याच्या रंगांनी लागला. १८८५ साली जर्मनीत पाउल एहरलिख नावाच्या डॉक्टरने कृत्रिम रंग प्राण्यांच्या रक्तात सोडून पाहिले. ते त्या काळी नव्याने निघालेले कापडाचे रंग होते. काळीज, फुप्फुस, स्नायू, सगळ्यांनी रंग धरला. मेंदू मात्र जवळजवळ पांढराच राहिला. एहरलिखला वाटले की मेंदू हा रंग धरतच नाही. सुती कापडाच्या रंगात पॉलिस्टर बुडवले तर ते जसे कोरेच निघते, तसे काही असावे.

पुढे त्याचाच सहकारी एडविन गोल्डमन याने १९१३ साली उलटा प्रयोग प्रसिद्ध केला. ट्रायपन ब्लू हा सुतासाठी वापरला जाणारा निळा रंग त्याने रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू निळा झाला आणि बाकी शरीर कोरे राहिले. म्हणजे कापडात खोट नव्हती, रंग कापडापर्यंत पोहोचतच नव्हता. मधली भिंत नेमकी कशी आहे, हे १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसले.

कोणताही रंगारी हा फरक जाणतो. कापडाला रंग लागला नाही, तर कापडाला दोष देण्याआधी रंग तिथपर्यंत गेला का, हे तो पाहतो. माणसाच्या बाबतीत मात्र आपण आधी माणसालाच दोष देतो. माझ्याकडून तेच झाले.

विषाणू आधी पोहोचतो

औषधाला अडवणारी ही भिंत विषाणूला का अडवत नाही? कारण विषाणू एकटा जात नाही. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी शरीराच्या चौकीदार आहेत आणि त्यांना मेंदूत जाण्याची मुभा असते. एचआयव्ही याच चौकीदारांच्या पोटात बसून पलीकडे जातो. लागण झाल्यावर काही दिवसांत, काही आठवड्यांत तो मेंदूच्या पाण्यात सापडू शकतो. माणसाला आपण आजारी आहोत हे कळण्यापूर्वीच तो पलीकडे जाऊन बसलेला असतो.

मेंदूत जाऊन तो विचार करणाऱ्या मुख्य पेशींमध्ये सहसा शिरत नाही. तो मेंदूच्या रखवालदार पेशींत राहतो. पण त्या पेशी चिडतात, सूज येते, विषारी द्रव्ये सुटतात आणि शेजारच्या मुख्य पेशींचे नुकसान होते. मग काम मंदावते, लक्ष लागत नाही, हिशेब चुकतो, हाताची सफाई जाते, चाल बिघडते, स्वभाव चिडका किंवा उदास होतो. औषधे निघण्यापूर्वी एड्सच्या पुष्कळ रुग्णांना शेवटी पूर्ण वेडसरपणा येत असे. गोळ्या आल्यापासून ते भयंकर रूप फार कमी झाले. सौम्य रूप मात्र काहींमध्ये अजून दिसते, आणि तेच ओळखायला अवघड. कारण ते आजारासारखे दिसत नाही, आळसासारखे दिसते.

आपल्या देशात बहुतेक रुग्णांत 'सी' जातीचा विषाणू आढळतो. तो मेंदूला फारसा त्रास देत नाही, अशी एके काळी समजूत होती. पण चेन्नई आणि पुण्यात रुग्णांच्या स्मरणशक्तीच्या, हाताच्या वेगाच्या आणि लक्षाच्या कसोट्या घेतल्या गेल्या, तेव्हा त्रास आपल्याकडेही असल्याचे दिसले. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतील डॉक्टरांनी अमेरिकेतील सॅन दिएगोच्या शास्त्रज्ञांसह हे काम केले. आजार बळावलेल्या रुग्णांना गोळ्या सुरू केल्यावर पुष्कळांची बुद्धीची कामगिरी सुधारते, असे त्यांना आढळले. मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्यांच्या कसोटीवर भाषेचा काय परिणाम होतो, याचाही त्या कामात विचार झाला. आपल्या कारीगरांसाठी ही मोठी गोष्ट आहे. ज्याची तालीम उर्दूत किंवा बंगालीत झाली, त्याची परीक्षा परक्या भाषेत घेतली तर शहाणाही मंद ठरेल.

कोणती गोळी बोटीत चढते?

मेंदूत जाण्यासाठी औषधाला काही अटी पाळाव्या लागतात. त्याचा रेणू लहान हवा. तो तेलात मिसळणारा हवा, कारण पेशीचे आवरण तेलकट असते. रक्तातील प्रथिनांना चिकटून बसणारा नको, कारण जेवढे औषध मोकळे, तेवढेच पलीकडे जाणार. आणि सर्वांत महत्त्वाचे, भिंतीवरच्या पंपाने त्याला ओळखता कामा नये. हे पंप म्हणजे धक्क्यावर उभा असलेला शिपाईच. परका उतारू दिसला की त्याच बोटीने परत पाठवतो. १९९८ साली उंदरांवरील प्रयोगांत दिसले की हा पंप नसलेल्या उंदरांच्या मेंदूत एचआयव्हीची काही औषधे अनेक पटींनी जास्त जातात.

२००८ साली सॅन दिएगोचे डॉ. स्कॉट लेटेंड्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूत पोहोचण्याच्या ताकदीनुसार औषधांची प्रतवारी मांडली. आपण कापडाला नंबर देतो तशीच. पुढे तिच्यात सुधारणा होऊन १ ते ४ असे गुण ठरले. १ म्हणजे कमी पोहोचणारे, ४ म्हणजे चांगले पोहोचणारे. झिडोवुडीन आणि नेव्हिरॅपिन यांना ४ गुण. एफाविरेन्झ आणि अबाकाविर यांना ३. लॅमिवुडीन आणि अटाझानाविर यांना २. टेनोफोविरला फक्त १. नंतर आलेल्या डोल्यूटेग्राविरला पुन्हा ४.

आता कटिंग मास्टरच्या गोष्टीकडे परत या. पहिल्या गोळ्यांना विषाणू दाद देईनासा झाला की रुग्णाला दुसऱ्या फळीच्या गोळ्या देतात. आपल्याकडे अनेक वर्षे त्यात टेनोफोविर, लॅमिवुडीन आणि रिटोनाविरसह अटाझानाविर असा मेळ असे. वरच्या यादीत त्यांचे गुण पाहा: १, २ आणि २. रक्तासाठी हा मेळ उत्तम, पण खाडी ओलांडण्यात दुबळा. २०१८ साली पुण्याच्या डॉक्टरांनी पश्चिम भारतातील अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तातील विषाणू गोळ्यांनी दबलेला, पण मेंदूचा त्रास सुरू झालेला आणि मणक्याच्या पाण्यात विषाणू हजर. त्यांत रिटोनाविरसह दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या फळीच्या गोळ्या घेणारे ठळकपणे दिसले. मेंदूत जास्त पोहोचणारी औषधे दिल्यावर पुष्कळांना आराम पडला. माझ्या मास्टरचे दुखणे याच जातीचे होते.

असे रुग्ण थोडेच असतात, हेही सांगितले पाहिजे. हा लेख वाचून गोळी घेणाऱ्या भावा-बहिणीने घाबरून जाऊ नये आणि स्वतःच्या मनाने गोळी बदलू नये, बंद तर मुळीच करू नये. गोळी चुकली की मेंदूत आधीच कमी पोहोचणारे औषध आणखी कमी होते आणि विषाणूला तिथे गोळ्यांना न जुमानण्याची तालीम मिळते.

जास्त माल म्हणजे जास्त नफा नव्हे

मग सगळ्यांनाच चार गुणांची औषधे का देऊ नयेत? इथेही व्यापाराचा नियम लागू पडतो. दुकानात माल जास्त भरला म्हणजे विक्री वाढतेच असे नाही, कधी माल कुजतो. एफाविरेन्झ मेंदूत बऱ्यापैकी जाते, पण त्याने अनेकांना चक्कर, भलतीसलती स्वप्ने, उदासी असा त्रास झाला. म्हणून ती गोळी रात्री झोपताना देत असत. जास्त गुणांच्या औषधांनी मेंदूच्या पाण्यातील विषाणू कमी होतो, हे दिसले आहे. पण त्यामुळे सर्वांची बुद्धी जास्त सुधारते, हे मात्र प्रत्यक्ष तुलनेत सिद्ध झालेले नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही. म्हणून ज्याला त्रास आहे त्याची तपासणी करून योग्य मेळ निवडणे, हेच शहाणपण.

पंप बंद करणारी औषधे देण्याचाही विचार झाला. पण शिपायाला हटवले तर भल्याबरोबर बुरेही आत शिरते. म्हणून संशोधक आता माल पोहोचवण्याच्या नव्या वाटा शोधत आहेत. औषध अतिसूक्ष्म कणांत भरायचे, केसाच्या जाडीच्या शेकडो पट बारीक, आणि त्या कणावर मेंदूच्या ओळखीच्या पदार्थाचा लेप द्यायचा, म्हणजे भिंत त्याला आपला समजून आत घेईल. नाकावाटे औषध देऊन भिंतीला वळसा घालण्याचे प्रयोग प्राण्यांवर झाले आहेत. ती मार्व्याची वाट म्हणा. २०१३ साली अमेरिकेतील फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठात डॉ. माधवन नायर यांच्या गटाने झिडोवुडीनचे तयार रूप चुंबकीय कणांना बांधले, चुंबकाच्या ओढीने ते प्रयोगशाळेत बनवलेल्या भिंतीच्या नमुन्यापलीकडे नेले आणि तिथे हवे तेव्हा सोडून दाखवले. ही सारी प्रयोगशाळेची कमाई आहे, दुकानातला माल नव्हे. अशा नावाने कोणी बाटली विकायला आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

भावाची हकीकत

औषध भिंतीपलीकडे जाण्याआधी गरिबाच्या हातात यावे लागते. ती खाडी आमच्याच मुंबईने ओलांडली आणि आपल्या समाजाला त्याचा अभिमान वाटावा अशी ती गोष्ट आहे.

ख्वाजा अब्दुल हमीद हे अलीगढचे. बर्लिनमध्ये रसायनशास्त्राची पीएच.डी. घेऊन आलेले. १९३५ साली त्यांनी मुंबईत जी कंपनी काढली, तीच आजची सिप्ला. १९३९ साली महात्मा गांधींनी त्या कारखान्याला भेट दिली होती. पुढे त्यांचे चिरंजीव डॉ. युसूफ हमीद यांनी काम वाढवले. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर नव्हे, फक्त तो बनवण्याच्या रीतीवर हक्क दिला होता. त्यामुळे दुसऱ्या रीतीने तेच औषध बनवणे भारतात कायदेशीर होते. पदार्थावरचे पेटंट आपल्याकडे २००५ सालापासून सुरू झाले.

परदेशात तीन औषधांचे तीन वेगळे मालक होते, म्हणून तिन्ही एका गोळीत येत नव्हती आणि वर्षाचा खर्च एका रुग्णामागे दहा ते पंधरा हजार डॉलर होता. २००१ सालच्या फेब्रुवारीत सिप्लाने जाहीर केले की तीन औषधांचा मेळ परोपकारी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. त्याच वर्षी तिन्ही औषधे एका गोळीत घातलेली ट्रायोम्यून आली: स्टाव्हुडीन, लॅमिवुडीन आणि नेव्हिरॅपिन. यातील नेव्हिरॅपिन मेंदूत चांगले पोहोचणारे. स्टाव्हुडीन मात्र पुढे हातापायांच्या नसांना त्रास देते असे दिसल्याने जगभर मागे घेतले गेले. चांगला व्यापारीही खराब निघालेला वाण बदलतो, त्यात कमीपणा नाही.

१ एप्रिल २००४ रोजी सरकारने मोफत औषधोपचार सुरू केला. पहिल्या आठ इस्पितळांत मुंबईचे जे.जे. होते. २०१७ साली गरीब आणि मध्यम देशांसाठी टेनोफोविर, लॅमिवुडीन, डोल्यूटेग्राविर या तिघांची एकत्र गोळी वर्षाला सुमारे ७५ डॉलरमध्ये देण्याचा करार झाला. ती बनवणाऱ्या कंपन्या हैदराबादच्या. आपल्या सरकारी केंद्रांतही आता हीच गोळी मुख्य आहे, दिवसातून एकदा आणि मोफत. आपल्या बाजारात स्वस्त माल म्हणजे हलका माल, असे गिऱ्हाईक समजते. इथे उलटे झाले. दहा हजार डॉलरवरून पंचाहत्तरवर आलेल्या या गोळीत मेंदूत ४ गुणांनी पोहोचणारे डोल्यूटेग्राविर आहे.

कारखानदार आणि कारीगर यांच्यासाठी

आता कामाच्या गोष्टी.

हुशार कारीगराचा हात अचानक मंदावला, माप विसरू लागला, पाय अडखळू लागले, तर आधी डॉक्टरकडे पाठवा. कारण एचआयव्हीच असेल असे नाही. साखर, थायरॉईड, रक्तदाब, क्षय, डोक्याला मार, उदासी, अनेक कारणे असतात आणि बहुतेकांवर इलाज आहे. कोणता आजार आहे हे जाणून घेणे मालकाचे काम नव्हे. इलाजासाठी सुटी देणे हे मालकाचे काम आहे.

जो गोळ्या घेतो, त्याने रक्ताचा रिपोर्ट चांगला असला तरी विसराळूपणा, चालीतला फरक, वागण्यातला बदल केंद्रातील डॉक्टरला न लाजता सांगावा. आपल्याला स्वतःचे कळत नाही, म्हणून घरच्यांनी सांगावे. मणक्याचे पाणी तपासण्याची लोकांना फार भीती असते. अनुभवी डॉक्टराच्या हातून ती नेहमीची तपासणी आहे.

दुसरे औषध चालू असेल तर तेही सांगावे. आम्लपित्ताची काही औषधे डोल्यूटेग्राविरला पोटातच बांधून टाकतात, म्हणून ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घेतात. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबद्दलही विचारून घ्यावे. क्षयाच्या इलाजात रिफाम्पिसिन असेल तर डोल्यूटेग्राविर दिवसातून दोनदा द्यावे लागते. दाटीवाटीच्या कारखान्यांत क्षय नवा नाही, तेव्हा हे लक्षात ठेवावे. रमजानमध्ये दिवसातून एकदाची गोळी इफ्तारनंतर किंवा सहरीला घेता येते. वेळ बदलण्याआधी डॉक्टरशी बोलावे, पण रोजासाठी गोळी सोडू नये.

कायदाही जाणून घ्या. एचआयव्ही-एड्सविषयीचा २०१७ सालचा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरीसाठी एचआयव्हीच्या तपासणीची अट घालता येत नाही. कोणाचा आजार त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. आजारामुळे कामावरून काढणे हा भेदभाव आहे. माणूस कामास असमर्थ आहे असे म्हणायचे असेल, तर स्वतंत्र डॉक्टरचे लेखी मत लागते, आणि त्याला झेपेल अशी सोय किंवा दुसरे काम देण्यात काय अडचण आहे, हे मालकाने लेखी द्यावे लागते. आमच्या कारखानदाराने यातले काही केले नव्हते. कायदा असो वा नसो, ज्याच्या हातावर आपण वर्षानुवर्षे कमावले, त्याला मेजाच्या दुसऱ्या टोकाला बसायला जागा देणे ही साधी माणुसकी आहे. त्यात नुकसानही नाही. माझा मास्टर आज शिवणीतला जो दोष पकडतो, तो नव्या पोराला दिसत नाही.

माहिती हवी असेल तर १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत फोन आहे. नाव न सांगता विचारता येते.

ज्या ताक्यावरून मी त्याला बोललो, त्या ताक्याची किंमत मी त्याच महिन्यात विसरलो. माझे शब्द तो विसरला नव्हता. डोके चुकत होते तरी तेवढे त्याच्या लक्षात राहिले होते. मी त्याच्याकडे माफी मागितली, त्याने दिली. प्रत्येकाला अशी संधी मिळत नाही. तेव्हा वाचकहो, उद्या तुमच्या टेबलावर एखाद्याचा हात चुकला, तर बोलण्याआधी एक क्षण थांबा. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि आपल्या रोजीत बरकत देवो.